भिंतीवरचा हात

"पोकळ," लिंबाजी मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खडूने भिंतीवर फुली मारली.

मी टॅबवरचं लाल बटण दाबलं. ते वीतभर पुढे सरकले. डावा पंजा भिंतीवर सपाट टेकवला, उजव्या हातातली थापी उलटी धरून तिच्या लाकडी मुठीने गिलाव्यावर दोनदा ठोकलं आणि क्षणभर थांबले.

"भरीव."

मी हिरवं बटण दाबलं.

वाकडमधल्या एका अर्धवट इमारतीचा सातवा मजला होता. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती, जिन्याला कठडा नव्हता आणि वाऱ्याबरोबर सिमेंटची धूळ सरळ नाकात शिरत होती. मिस्त्रींनी सकाळपासून सहाशे ठिकाणी ठोकून पाहिलं होतं. बासष्ट वर्षांचा माणूस ताठ उभा होता आणि नुसती बटणं दाबून दमले होते ती अठ्ठावीस वर्षांची मी.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. परीक्षित हा कॉलेजातला माझा वर्गमित्र. त्याने भोसरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये 'ओळंबा' नावाची कंपनी काढली होती. बांधकामासाठी रोबोट बनवायचे, असा आमचा उद्योग. आमचं पहिलं यंत्र भिंती ठोकून बघणारं होतं. गिलावा भिंतीला नीट धरला नसला तर वरून काही कळत नाही. रंग लागतो, लोक राहायला येतात आणि दोन वर्षांनी एक दिवस ढलपा सुटून कुणाच्या तरी अंथरुणावर पडतो. म्हणून बिल्डर एखादा जाणता गवंडी लावून भिंती ठोकून घेतात. आमचं यंत्र तेच करणार होतं. तीन चाकं, वर-खाली होणारा खांब, त्याला एक यांत्रिक हात, हातावर छोटी हातोडी आणि शेजारी माइक. ते टकटक करत फिरायचं म्हणून आम्ही त्याला 'सुतार' म्हणायचो, सुतारपक्ष्यावरून. मिस्त्रींना ते अजिबात पटलं नव्हतं.

"काम गवंड्याचं आन नाव सुताराचं," ते म्हणायचे. "बारसं करायच्या आदी इचारायचं तरी एकदा."

सुताराला शिकवायला कुणीतरी हवं होतं. कोणता ठोका पोकळ आणि कोणता भरीव, हे हजारो वेळा सांगणारा माणूस. चार ठेकेदारांना विचारलं, चौघांनीही एकच नाव सांगितलं. लिंबाजी मिस्त्री. परांडा तालुक्यातले, चाळीस वर्षं गिलावा करणारे. लिंबाजीचा कान म्हणजे कान, असं सगळे म्हणत.

परीक्षितने त्यांना रीतसर नेमणूक दिली. गळ्यात घालायचं ओळखपत्र केलं. त्यासाठी फोटो मीच काढला. मिस्त्रींनी नळावर जाऊन तोंड धुतलं, टोपी सरळ केली आणि ताठ उभे राहिले.

"हसू का?"

"हसा की."

"नगं. फुडचे दात न्हाईत."

तरी थोडं हसलेच. ओळखपत्रावर नावाखाली परीक्षितने लिहिलं होतं, 'ध्वनितज्ज्ञ'. मिस्त्री ते संध्याकाळी बसमध्येसुद्धा काढत नसत. घरी जेवताना तरी काढता का, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "आमटीत बुडतंय म्हनून पाटीवर टाकतो."

मार्चच्या पंधरा तारखेला आमची परीक्षा होती. एका मोठ्या बिल्डरच्या चौदा इमारतींचं काम होतं. त्याच्या चालू साइटवर सुताराने एक मजला ठोकून दाखवायचा. जमलं तर काम आमचं, नाही जमलं तर शेडला टाळं. आणि परीक्षितने मिस्त्रींना शब्द दिला होता की यंत्र पास झालं की तुम्ही कायम.

"म्हंजी परांचीवर परत चडायचं न्हाई?" मिस्त्रींनी त्याच्या तोंडाकडे टक लावून विचारलं होतं.

"परत कधीच नाही."

हाच प्रश्न त्यांनी पुढे मला दोनदा विचारला. त्यांचे गुडघे गेले होते. बांबूच्या परांचीवर तिसऱ्या मजल्याला लटकून गिलावा मारणं आता झेपत नव्हतं, आणि दुसरं काही येत नव्हतं. त्यामुळे पंधरा तारखेची आमच्याइतकीच, किंबहुना जास्तच, त्यांना काळजी होती.

त्या दिवशी सातव्या मजल्यावर आमचं काम चाललेलं असताना डोक्यावरच्या मजल्यावर ब्रेकर सुरू झाला. काँक्रीट फोडायचं ते यंत्र एकदा लागलं की दातसुद्धा हलतात. सुताराची ताबडतोब भंबेरी उडाली. जिथे माइक लावावा तिथे पोकळ, पोकळ, पोकळ. मी कानांवर हात ठेवले. मिस्त्री मात्र आपले भिंतीला हात टेकून ठोकत होते आणि सांगत होते, "भरीव. भरीव. हितं पोकळ." नंतर तिथला गिलावा फोडून पाहिला तर एकही चूक नव्हती.

"मिस्त्री, काय कान आहेत हो तुमचे!" मी मागून ओरडले.

त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या भिंतीकडे वळले. थोडा तोरा आहे म्हाताऱ्याला, असं मला वाटलं. मागून हाक मारली की ते सहसा ओ द्यायचे नाहीत. आणि बोलायचे ते असं खणखणीत, की शेडमधल्या सगळ्यांना त्यांच्या डब्यात काय आहे ते कळायचं. आम्हाला गंमत वाटायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा जिना चढताना ते पाचव्या मजल्यावर मटकन खाली बसले. गुडघा धरून बसले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच दिवशी मी ठरवलं की यांना आता चढवायचं नाही. सुतार एव्हाना आपला आपण ठोकत फिरू शकत होता. ठोक्यांचे आवाज साठवून आणायचे आणि मिस्त्रींनी ऑफिसात बसून ते ऐकायचे, हिरवं-लाल करायचं. मी शेडच्या कोपऱ्यातली केबिन रिकामी करून घेतली, गादीची खुर्ची आणली आणि चांगले हेडफोन घेतले.

मिस्त्रींनी ते हेडफोन हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले.

"ताई, मला भितीजवळच बरं हाय."

"अहो, गुडघे बघा स्वतःचे."

"गुडग्याचं काय एवडं. तेल लावतो की."

"आता नुसतं बसून ऐकायचं. उन्हात नको, धुळीत नको."

"पर ह्याच्यात भित कुटं हाय?"

मी हसले. हे वाक्य मी ऑफिसभर सगळ्यांना सांगितलं आणि तेही हसले.

मिस्त्री खुर्चीत बसू लागले. रोज थापी घेऊन यायचे. तिचं ऑफिसात काही काम नव्हतं, पण ती मॉनिटरशेजारी ठेवल्याशिवाय सुरुवात करायचे नाहीत. पहिले तीन-चार दिवस बरे गेले. ठोका वाजला की पडद्यावर एक हिरवी रेघ उड्या मारायची, तिच्याकडे डोळे बारीक करून बघत ते बटण दाबायचे. मला वाटलं, त्या नाचऱ्या रेघेचा त्यांच्या डोळ्यांना त्रास होतोय. मी ती काढून टाकली आणि पडद्यावर फक्त दोन मोठी बटणं ठेवली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीच आपलं मायेने केलं.

आणि सुतार बिघडायला लागला.

शंभरात नव्वद बरोबर सांगणारं यंत्र पंधरा दिवसांत सत्तरावर आलं, मग साठावर. परीक्षितने रात्रंदिवस प्रोग्रॅम तपासला. तीन मार्चला तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "शलाका, प्रोग्रॅममध्ये काही नाही. मिस्त्रींनी दिलेली उत्तरंच कचरा आहेत. ऐक तू स्वतः."

मी ऐकलं. सहा महिने त्यांच्यासोबत फिरून मलाही ढोबळ फरक कळायला लागला होता. जिथे सरळसरळ ढबढब वाजत होतं तिथे मिस्त्रींनी हिरवं दाबलं होतं.

"वय झालंय त्यांचं, दमत असतील," मी म्हटलं.

"दमतात की झोपतात?"

मी तावातावाने त्यांची बाजू घेतली. पण त्याच दुपारी केबिनवरून जाताना दारातून आत पाहिलं. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून बसले होते. कानांवर हेडफोन, मान जराशी झुकलेली. आणि हेडफोनची वायर कॉम्प्युटरमधून निसटून खुर्चीखाली लोंबत होती. झाडू मारताना निघाली असणार. त्या कॉम्प्युटरला दुसरा स्पीकर नव्हता. म्हणजे आवाज कुठूनच येत नव्हता.

मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी लाल दाबलं. थोडं थांबले. हिरवं. हिरवं. पुन्हा लाल.

मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले. माझं डोकं भडकलं. ज्यांच्यासाठी मी भांडत होते ते गृहस्थ नुसतं नाटक करत बसले होते. मी सरळ परीक्षितकडे गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं.

परीक्षितने त्यांना बोलावून घेतलं. मी वायरचं टोक हातात धरून उभी होते.

"मिस्त्री, ही वायर निघाली होती," तो त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला. "मग तुम्ही ऐकत काय होतात?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीतरी उलटसुलट चाललेलं दिसत होतं. मला वाटलं, सबब शोधतायत.

"कटाळा आला व्हता," ते शेवटी म्हणाले. "मनाला यील ते दाबलं."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं. हितं बसल्यापास्नं."

परीक्षित वाईट माणूस नाही. पण बारा दिवसांवर परीक्षा, घरच्यांचं सगळं त्या शेडमध्ये अडकलेलं. "उद्यापासून येऊ नका," एवढंच तो म्हणाला.

"बरं सायेब."

मिस्त्रींनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. सदऱ्याच्या टोकाने त्याचं प्लास्टिक पुसलं आणि टेबलावर ठेवलं. जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली. मी मान फिरवली.

दहा मिनिटांनी लक्षात आलं की थापी मॉनिटरशेजारीच राहिली आहे. मी ती उचलली आणि बसस्टॉपकडे निघाले. थापी द्यायची होती हे खरं, पण दोन शब्द सुनवायचेही होते.

चारचा सुमार होता. स्टॉपवर मिस्त्री एकटेच, एका कंपनीच्या कुंपणाच्या भिंतीपाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"मिस्त्री!"

ते वळले नाहीत. रागावलेत, मी मनात म्हटलं. अजून जवळ जाऊन हाक मारली. पुन्हा मारली. तेवढ्यात त्यांच्या मागून एक टेम्पो आला आणि त्याने असा कर्कश हॉर्न दिला की स्टॉपखाली झोपलेलं कुत्रं ताडकन उठून पळालं. मीही दचकले. मिस्त्रींची मानसुद्धा हलली नाही.

मी जागच्या जागी थांबले. सातव्या मजल्यावरचा ब्रेकर आठवला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं आठवलं, मी काढून टाकलेली नाचरी रेघ आठवली. पुढे जाऊन मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते केवढ्याने तरी दचकले.

मी त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की. डाव्या अंगाला येतं थोडं थोडं."

"मिस्त्री."

त्यांनी माझ्या हातातली थापी घेतली. तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"न्हाई येत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"झाली धा-एक वर्सं. ममईत जुन्या बिल्डिंगा फोडायला व्हतो. गिलाव्याला काम न्हवतं तवा सा वर्सं ब्रेकर धरला. पयलं शिट्टी वाजल्यावानी वाजायचं कानात. मग तेबी बंद झालं."

"आणि साइटवर? तिथे एकही चुकला नाहीत."

त्यांनी माझा डावा हात धरला आणि तळवा कुंपणाच्या भिंतीवर टेकवला. शेजारी थापीच्या मुठीने ठोकलं. "काय आलं का हाताला?" माझ्या हाताला काहीच जाणवलं नाही. त्यांनी मला दोन पावलं बाजूला नेलं, पुन्हा तळवा टेकवला आणि ठोकलं. या वेळी अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात बारीक थरथर आली, आत कुणीतरी हलल्यासारखी.

"हलली की पोकळ. गप ऱ्हायली की भरीव," मिस्त्री म्हणाले. "कान कशाला लागतोय? तुमी मला भितीपास्नं उटवलं न्हवतं तंवर काय अडत न्हवतं."

मला रडू आलं. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, थापी घेतलेल्या एका म्हाताऱ्यासमोर मी रडत होते आणि येणारेजाणारे बघत होते.

"मग आत हे का नाही सांगितलंत? कंटाळा आला, असं खोटं का बोललात?"

"कामचुकार म्हनून हाकललेल्या गवंड्याला दुसऱ्या साइटीवर काम घावतं, ताई. बहिरा म्हनल्यावर परांचीवर कोन चडू दील?"

"पण तिथे चढायचंच कशाला आता? चला माझ्याबरोबर. मी परीक्षितला सगळं सांगते, तो ऐकेल."

"न्हाई." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माझी बायकू सोडली तर कुनाला ठावं न्हाई. चाळीस वर्सं लोक म्हंत्यात, लिंबाजीचा कान म्हंजी कान. हे भाईर पडलं तर जितक्या भिती म्या पास केल्या तितक्या लोक परत ठोकून बगतील. आन तुमचं ते यंत्र? कोन घील बहिऱ्यानं शिकवल्यालं?"

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी थापी माझ्यासमोर आडवी धरली.

"खंडेनवमीला आमी हिची पूजा करतो. हिच्यावर हात ठिवून सांगा, कुनाजवळ बोलनार न्हाई."

मी हात ठेवला आणि तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बस आली. ते एकेका पायरीवर गुडघा सांभाळत चढले आणि खिडकीतून त्यांनी मला हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराचा हात उघडला. माइक काढला आणि तिथे तळव्याएवढी रबरी गादी बसवली, आत थरथर मोजणारा सेन्सर. सुतार आधी ती गादी भिंतीला टेकवणार आणि मग ठोकणार. खुर्चीत बसून दिलेली सगळी उत्तरं मी पुसून टाकली. साइटवर भिंतीला हात लावून दिलेली तेवढी ठेवली, आणि त्याच भिंती सुताराकडून पुन्हा ठोकून घेतल्या. मिस्त्रींच्या खडूच्या फुल्या अजून जागच्या जागी होत्या.

"हे सुचलं कुठून तुला?" परीक्षितने विचारलं.

"असंच."

पंधरा तारखेला बिल्डरच्या साइटवर मुद्दाम डोक्यावर दोन ब्रेकर चालू ठेवले होते. सुतार गादी टेकवत, ठोकत पुढे सरकत राहिला. एक्केचाळीस पोकळ जागांपैकी त्याने एकोणचाळीस सांगितल्या. बिल्डरच्या माणसाने फोडून खात्री केली. परीक्षित सगळ्यांसमोर ओरडला, "शलाका, काय डोकं चालवलंस!" शेडमध्ये पेढे वाटले. कुणीतरी सुतारालाही हार घातला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. परीक्षित त्याच पावली गाडी काढून मिस्त्रींना शोधायला निघाला असता, त्यांची माफी मागितली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प राहिले. शपथ मोडायची नव्हती, हे खरं. पण ती शपथ मला फार सोयीची झाली होती, हेही खरं आहे. त्या रबरी गादीच्या पेटंटवर माझं नाव आहे. करार झाला की सांगू, असं मी मनाशी म्हणत होते. करार झाला. मग म्हटलं, पहिली इमारत होऊ दे.

एप्रिलच्या नऊ तारखेला वाकडच्या त्या जुन्या साइटवरच्या वॉचमनचा फोन आला. "ताई, ते तुमच्याबरोबर असायचे ना, लिंबाजीबाबा. मोशीला वारले काल. परांचीवर."

मी मोशीला गेले. काम थांबलेलं होतं. सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबचा साचा लावणारा-काढणारा एक कामगार, लातूरकडचा, पायऱ्यांवर बसला होता. मी ओळख सांगितल्यावर तो घडाघडा बोलायला लागला. जणू कुणीतरी विचारावं म्हणूनच बसला होता.

"तिसऱ्या माळ्याला भाईरच्या बाजूनं गिलावा ठोकून बगत व्हते. आमी वर साच्याच्या लोखंडी प्लेटा काडत व्हतो. एक प्लेट सुटली. पर ती थेट न्हाई पडली ताई, आदी वरच्या बांबूला अडकली. लई येळ अडकली व्हती. आमी चौगं वरडलो, बाबा सरका, बाबा सरका. घसा फुटस्तवर वरडलो. एक पाऊल सरकले असते तरी..."

"मग?"

"भितीला हात लावून हुबे ऱ्हायले. वळूनसुदीक बगितलं न्हाई." त्याने डोळे पुसले. "मुकादम म्हन्तो, हट्टी म्हातारा व्हता."

मी त्याला काही सांगितलं नाही. परतताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथेच बसून राहिले. एकदा बोलायला नको होतं तेव्हा मी धावत जाऊन बोलले होते. बोलायला हवं होतं तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसले. ही दोन्ही कामं मीच केली होती, आणि कुणीही मला तसं करायला भाग पाडलं नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी एक बाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. विटलेलं जुनेर, हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं.

"मी सोजरबाई. लिंबाजी मिस्त्रीची." तिने आत पाय टाकला नाही. "त्यांचं ते गळ्यातलं कार्ड हितंच ऱ्हायलंय म्हनं. मिळंल का? फोटू पायजे हुता."

"दुसरा फोटो नाही का, मावशी?"

"आदारवर हाय. त्यात चोरावानी दिसत्यात. नातू म्हन्तो, हे आबा न्हवंच."

मी तिला मिस्त्रींच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ओळखपत्र माझ्याच टेबलाच्या खणात होतं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि प्लास्टिकवरून बोट फिरवलं.

"हासल्यात बगा जरा," ती म्हणाली. "आन हे खाली काय लिवलंय?"

"ध्वनितज्ज्ञ."

"म्हंजी?"

"आवाजातले जाणकार. आवाज ऐकून भिंत ओळखणारे."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेडच्या त्या टोकाला नवा सुतार भिंतीला गादी टेकवून ठोकत होता. दारात परीक्षित येऊन उभा राहिला होता.

"ऐकून?" सोजरबाई म्हणाली. "अवो, त्यास्नी धा वर्सं झाली, काय सुदीक ऐकू येत न्हवतं. घरात म्या हातानं खुनवायची." तिने परीक्षितकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "तुमाला ठावं न्हवतं?"

परीक्षितचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. आता शपथ कुणासाठी पाळायची उरली नव्हती. तिला तर सगळं माहीतच होतं.

"नाही मावशी," मी म्हटलं. "माहीत नव्हतं."

"तेच म्हन्ते म्या." तिने मान हलवली. "ठावं असतं तर तुमी त्यास्नी वर चडूच दिलं नसतं. घरी रोज सांगायचे, शलाकाताईनं बसायला खुर्ची दिली म्हनून."

तिने ओळखपत्र पदराच्या टोकात ठेवलं आणि त्याला गाठ मारली.